मडगार्डवरची माती

तिच्याशी बोलायचं म्हणजे थांबावं लागायचं. ती वाक्य सुरू करायची, "ताई, त्या वरच्या फळीवरच्या..." आणि तिथेच श्वास धरायची. मग स्पिरिटच्या दिव्याजवळ काचेची नळी उघडायची, तारेच्या टोकाने त्यातलं काहीतरी उचलून दुसऱ्या नळीत सोडायची, दोन्ही नळ्यांची तोंडं ज्योतीवरून फिरवायची, कापसाचे बोळे लावायची आणि मग श्वास सोडून पुढचं बोलायची, "...बाटल्या आधी घ्या धुवायला." उघड्या नळीवर बोललं की तोंडातले जंतू आत पडतात, म्हणून हा नियम. पण तिने तो सगळीकडेच लावून घेतला होता. रिक्षात बसून म्हणायची, "शांती नगर, सेक्टर..." आणि पुढे गप्प. रिक्षावाला वळून बघायचा. "कौन सा सेक्टर, मैडम? बोलो तो सही."

हातही तसेच. दोन्ही हात छातीसमोर उचलून, कशाला लागू न देता चालायची, जणू आत्ताच मेंदी काढून घेतली आहे. दार ढकलायचं असलं तर कोपराने.

मला तिचं ते थांबणं बरं वाटायचं. मी बोलायला लाजणारी. समोरचं माणूस बोलून थांबलं की आता आपण काहीतरी बोलायला पाहिजे, याची मला धास्ती वाटते. तिच्यापुढे ती धास्ती नव्हती. ती थांबायची ती माझ्या उत्तरासाठी नव्हे.

हे एकोणीसशे नव्वदच्या आसपासचं. मुंबईच्या वेशीबाहेर, हायवेवरच्या काशीमीऱ्याच्या नाक्यावरून आत गेलं की एक इंडस्ट्रियल इस्टेट होती. तिथे वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची लॅब, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. लॅब एका सरांची. त्यांनी मोठी नोकरी सोडून ती काढली होती. औषधाची एक कंपनी त्यांना पैसे द्यायची आणि सर मातीत औषध शोधायचे. मातीत बुरशीसारखं बारीक काहीतरी वाढत असतं. त्यातलं एखादं असं निघतं, की ते आपल्या आजूबाजूला रोगाचे जंतू वाढूच देत नाही. त्याच्यापासून औषध होतं. हे मला तिनेच सांगितलं होतं. मी तिथे काचा धुवायला होते. वापरलेल्या नळ्या आणि प्लेटा मोठ्या कुकरमध्ये उकडायच्या, म्हणजे आतलं सगळं मरतं. मग साबण, मग टँकरचं पाणी, मग शेवटी डिस्टिल वॉटर. दिवस त्यातच जायचा.

ती बी.एस्सी. झालेली, सरांकडे ट्रेनी. "मला मॅडम म्हणू नका हो ताई, मी नुसती ट्रेनी आहे," असं ती सारखं म्हणायची. मी मॅडमच म्हणायची. दुसरं काय म्हणणार? बाहेरचे लोक तिला मातीवाली मॅडम म्हणत.

त्याला कारण होतं. गावाला जाऊन आलेल्या माणसाला कुणीही विचारतं, सगळे बरे आहेत ना? ही विचारायची, "माती आणली?" इस्टेटचा वॉचमन, खालच्या कारखान्यातल्या बायका, टपरीवाले, सगळ्यांना तिने प्लास्टिकच्या पिशव्या देऊन ठेवल्या होत्या. चमचाभर पुरे, वरची नको, बोटभर खालची. नाक्यावरच्या पानवाल्याने एकदा ऐटीत पुडी आणून दिली. जौनपूरची, म्हणाला, खास आमच्या आंब्याखालची. चार दिवसांनी ती त्याच्या टपरीपुढे जाऊन उभी राहिली.

"भैया, ये मिट्टी तुम्हारे टपरी के पीछे का है."

"कैसे मालूम?"

"उसमें चूना है. तंबाकू भी है."

"तो जौनपुर में लोग पान नहीं खाते क्या, मैडम?"

ती हसली नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "वो भी सही है." आणि ती पुडी जौनपूरची म्हणूनच ठेवली. पानवाला ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता.

मीही आणली होती, जालन्याकडच्या आमच्या गावाहून, बुद्धविहाराच्या मागच्या लिंबाखालची. रुमालात बांधून, बसमध्ये मांडीवर धरून. ती प्लेटवर लावली आणि काही दिवसांनी मला हाक मारली.

"ताई, तुमच्या मातीत..." श्वास, नळी, ज्योत, बोळा. मी तेवढा वेळ ओल्या हातांनी उभी. "...काहीच नाही हो. गरीब माती आहे."

माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं. ती घाईघाईने म्हणाली, "म्हणजे वाईट नाही. शांत आहे. कुणाशी भांडत नाही, एवढंच. मला भांडणारी पाहिजे."

तिला बंगलोरला जायचं होतं. तिथे एक मोठी संस्था आहे, बी.एस्सी.नंतर थेट संशोधनाला घेतात. तिचे मार्क बेताचे होते. नुसत्या मार्कांवर तिला कुणी आत घेतलं नसतं, हे तीच सांगायची. पण तिथे मे महिन्यात मुलाखत असते, तुम्ही हाताने काय काम केलं ते विचारतात. म्हणून ती कॉलेज संपल्यावर सरांकडे आली. काहीतरी सापडलं तर सर स्वतः तिच्यासाठी शब्द टाकणार होते. सापडलं नाही तर घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, मुलीच्या घरी बसण्याचा अर्थ एकच.

एवढ्या मातींतून काही निघेना. मग तिला ट्रकचं सुचलं. काशीमीऱ्याला देशभरातले ट्रक येऊन थांबतात. आपण गावोगावी जाऊ शकत नाही, पण गावं तर रोज चाकांना लागून येतात, असं तिचं म्हणणं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती चमचा आणि पिशव्या घेऊन नाक्यावर जायची, आणि एकटी नको म्हणून मला बरोबर घ्यायची. धाब्यापुढे खाटांवर ड्रायव्हर पडलेले असत. ही सलवार-कमीजवाली मुलगी ट्रकच्या चाकाजवळ उकिडवी बसून मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल खरवडते आहे, आणि मी जरा लांब, पदर डोक्यावरून घेऊन, दुसरीकडे बघत उभी.

एका ट्रकच्या मागच्या फळीवर दोन पोपट काढलेले होते, हिरवे, चोचीला चोच लावलेले. त्याचा ड्रायव्हर चहाचा पेला घेऊन उठून आला. पोट सुटलेला, वयस्कर माणूस.

"क्या निकाल रही हो, बेटी? सोना?"

"मिट्टी."

"किसलिए?"

"दवाई के लिए. किधर का है ये?"

तो हसला. "ये तो पूरे हिंदुस्तान का कीचड़ है. रायपुर होगा, नागपुर होगा, इंदौर भी होगा. किस गाँव का नाम लिखोगी?"

ती विचारात पडली. मग पिशवीवर तिने लिहिलं, काशीमीरा, पोपट. ड्रायव्हरला ते वाचता आलं नाही, पण तिने चित्राकडे बोट दाखवल्यावर तो खूश झाला. इतर ड्रायव्हर त्याला चिडवायला लागले, "चाचा, गाड़ी धुलवाओ अब तो, मैडम को हाथ से साफ़ करनी पड़ रही है." तोही ओशाळून हसला.

चिखलाची ती ढलपी नखाएवढी होती. सगळीच तिने पाण्यात घातली, मागे काही उरलं नाही.

तिच्यातून ते निघालं.

मी नळाखाली प्लेटा विसळत होते. तिने हाक मारली नाही. ती आली आणि माझं ओलं मनगट धरून मला आत घेऊन गेली. कशालाही हात न लावणारी ती. खिडकीच्या उजेडात तिने प्लेट धरली. प्लेटभर रोगाच्या जंतूंचा दुधट थर पसरलेला होता आणि मधे, त्या चिखलातून वाढलेल्या एका पांढऱ्या ठिपक्याभोवती, स्वच्छ गोल. थर तिथे नव्हताच. काचेतून पलीकडची इस्टेटची भिंत दिसत होती. त्याला ती लोकं झोन म्हणायची.

"दिसतंय का तुम्हाला?" तिने विचारलं. "की मलाच दिसतंय?"

"दिसतंय," मी म्हटलं.

"काय दिसतंय, सांगा."

"गोल. स्वच्छ. बांगडीएवढा. लहान पोरीच्या बांगडीएवढा."

ती जमिनीवर बसली. पाय पसरून, भिंतीला टेकून, बराच वेळ. मग सर आले. त्यांनी चष्मा काढून प्लेट डोळ्यांपाशी नेली, उलटी करून पाहिली, आणि खालच्या कारखान्यात फोन करायला गेले, कंपनीला. जिन्यातून त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा कुणाशी तरी आनंदाने बोलताना ऐकलं.

त्या दिवसापासून ती वेड्यासारखी झाली. वेडी म्हणजे, एखाद्या बाईला फार वर्षांनी मूल झाल्यावर ती होते तशी. रोज सकाळी येऊन आधी ते पांढरं ठेवलेली नळी बघायची. रोज त्यातलं थोडं उचलून नव्या नळीत, नव्या खाण्यावर घालायची. उचलतानाही निवडून, सगळ्यांत भरलेलं, गोबरं, पांढरंशुभ्र असेल तेच. "बघा ताई, कसं छान वाढतंय." वीज गेली की तिचा जीव खालीवर. मीरा-भाईंदरची वीज तेव्हा कधीही जायची. फ्रिज बंद पडला की ती नळी ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. सर म्हणायचे, "अगं, त्याला काही होत नाही. इथल्या हवेत ते मजेत राहतं."

सरांनी तिला आणखी एक सांगितलं होतं, ते माझ्यासमोरच. "एक भाग वाळूच्या नळीत घाल, सुकव आणि ठेवून दे. तसंच राहतं ते, वर्षानुवर्षं. आजच करून टाक."

"झोपवायचं नाही मला त्याला, सर. जागं असलं की दिसतं तरी."

"भावनेचा प्रश्न नाही हा. उद्या कर."

"उद्या करते."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नव्या खाण्यावर घालत बसली. सरांनीही मग विचारलं नाही. त्यांना कंपनीकडे जायची घाई होती.

रविवारी लॅब बंद असायची, म्हणून ती नळी घरी न्यायला लागली. एके सोमवारी तिचे वडील आले. हाफ बुशशर्ट, हातात छत्रीसारखी धरलेली गुंडाळलेली पिशवी. दारात चपला काढून आत आले. सर खाली फोनवर होते, ती आतल्या खोलीत नळ्यांपाशी. ते माझ्याजवळच्या स्टुलावर बसले.

"बाई, तुम्ही इथेच असता ना? मला एक सांगा. ही इथे नक्की करते काय?"

"माती बघतात," मी म्हटलं.

"मातीत काय बघायचं?"

त्यांनीच पुढे सांगितलं. "काल हिच्या आईला फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे काचेची नळी मिळाली. आत बुरशी. विचारलं तर म्हणते, हात लावू नका, नवीन जागेत आधीच घाबरलंय ते." ते जरा हसले, पण डोळे हसत नव्हते. "गिरगावातली जागा सोडून शांती नगरात आलो, म्हटलं मुलांना ऐसपैस होईल. तर हे."

सर आले तेव्हा ते उभे राहिले. "सर, मी आडपडदा न ठेवता विचारतो. हिचं बंगलोरचं होणार आहे का? होणार असेल तर मी थांबतो. चांगली स्थळं येताहेत, त्यांना मी मेपर्यंत थोपवतो. पण त्यानंतर मला उत्तर द्यावं लागेल."

"होणार म्हणजे? झालंच समजा. तिच्या हाताला जे लागलंय ना..."

"समजा नको, सर. मेपर्यंत."

आतल्या खोलीत तिने उघडी नळी हातात धरली होती. मला दारातून दिसत होतं. इतका वेळ तिने श्वास धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर, उन्हाळा लागता लागता, गोल लहान व्हायला लागला.

आधी तिला वाटलं, काच नीट धुतली जात नसेल, साबण राहत असेल. तिने मला सगळं पुन्हा धुवायला लावलं. मी धुतलं. मग तिने स्वतः धुतलं, आणि मला म्हणाली, "ताई, रागावू नका. मी तुमच्यावर नाही घेत. मला कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे ना." मग टँकरच्या पाण्यावर संशय. त्या दिवसांत टँकरचं पाणी मचूळच यायचं. ती शांती नगरच्या घरून पाण्याचा कॅन भरून रिक्षाने आणायला लागली. गोल आणखी लहान झाला. पांढरं मात्र पूर्वीपेक्षा छान वाढत होतं, कापसासारखं.

रोज सकाळी ती प्लेट खिडकीशी धरायची. "दिसतंय का?"

"आहे थोडं."

"केवढं?"

"मण्याएवढं."

एका सकाळी तिने विचारलं आणि मी प्लेटकडे पाहत राहिले. दुधट थर पार त्या ठिपक्याला येऊन भिडला होता. काचेपलीकडची भिंत कुठूनच दिसत नव्हती.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

तिने मान हलवली. प्लेट खाली ठेवली आणि सरांना बोलवायला गेली.

सरांनी सगळ्या नळ्या ओळीने पाहिल्या. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू लाड केलेस याचे. जंगलात त्याला खायला मिळत नाही, चारी बाजूंनी दुसरे टपलेले असतात, म्हणून ते विष तयार करतं. तू रोज ताटात वाढून देत होतीस. आणि रोज निवडत होतीस ती कुठली? गुबगुबीत. म्हणजे भांडण सोडून नुसतं खात बसलेली. तीच उरली. पहिली ठेवली आहेस का एखादी?"

"नाही."

"मूळ माती?"

"नाही."

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. "मग काही नाही आता."

पुढच्याच आठवड्यात कंपनीची माणसं यायची होती. ती टळली नाहीत. टाय लावलेले, घामाघूम झालेले, पंख्याखाली बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा प्लेटा टेबलावर मांडलेल्या होत्या आणि त्यांतला एक विचारत होता, की मग फोनवर सांगितलं ते काय होतं?

सर म्हणाले, "नुसती ट्रेनी आहे हो. प्लेटवर स्पिरिट सांडलं असेल. स्पिरिटनेही जंतू मरतात, तसाच स्वच्छ डाग पडतो. मीसुद्धा घाईत फसलो."

ती टेबलाच्या कडेला उभी होती, हात छातीसमोर उचललेले. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. कंपनीच्या माणसाने तिच्याकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली, लहान मुलाकडे पाहून हलवतात तशी. मी कप ठेवले आणि बाहेर आले. हाती लागलेलं घालवलं म्हणाले असते तर कंपनीने पैसे बंद केले असते. त्या दिवशी सरांचे पैसे वाचले. त्यांनाही घर होतं, लॅबचं भाडं होतं. ते वाईट माणूस होते असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं.

ती घरी बसली नाही. ती नाक्यावर गेली.

तो ट्रक पुन्हा मिळाला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात. त्याच रस्त्यांवरून तो फिरत असणार, मडगार्डला तोच चिखल असणार. नंबर तिने घेतला नव्हता. माती कुठली, हे ती प्रत्येकाला विचारायची. गाडी कुठली, हे तिला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. आठवत होते फक्त पोपट. एप्रिलचं ऊन, डांबर पायाला चिकटतंय, आणि ती ट्रकांच्या मागून मागून फिरते आहे, फळ्यांवरची चित्रं बघत. कुठे गाय, कुठे कमळ, कुठे डोळे वटारलेला राक्षस. धाब्यावरचे लोक हाका मारत, "मैडम, तोता मिला क्या?" "मैडम, मोर चलेगा?" ती उभी राहून नीट उत्तर द्यायची, "नहीं, तोता ही चाहिए." तिला चेष्टा कळत नव्हती की कळूनही ती उत्तर देत होती, मला सांगता येत नाही.

मी माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये होता, ड्रायव्हर लोकांशी त्याचं रोजचं बोलणं. तो म्हणाला, "तुमची मॅडम हाफ मॅड आहे का गं?" पण त्याने चौकशी केली. एका दुपारी तो स्वतः लॅबच्या जिन्याखाली आला. "तुमचा पोपटवाला वरसाव्याच्या खाडीपुलाजवळ अडकलाय. पुलावर गाडी बंद पडलीय कुणाची तरी, पार घोडबंदर रोडपर्यंत लाइन आहे. आत्ता निघालात तर मिळेल."

आम्ही रिक्षाने निघालो. पुलाच्या अलीकडे रिक्षा सोडून दोन्ही बाजूंच्या ट्रकांमधून चालत गेलो. धूर, हॉर्न, गरम लोखंड. ती पुढे, मी मागे. आणि ते पोपट दिसले. ती पळाली. मी तिला पळताना तेव्हाच पाहिलं.

ड्रायव्हर खाली उतरून टायरवर पाय ठेवून उभा होता. त्याने तिला लगेच ओळखलं. चेहरा एकदम उजळला.

"अरे, मिट्टीवाली बेटी. बनी तुम्हारी दवाई?"

"चाचा, थोड़ा और चाहिए. उधर से ही, मडगार्ड से."

तो मोठ्याने हसला आणि ट्रकवर थाप मारली. "अब कहाँ से मिलेगा? देखो तो सही. उस दिन तुमने चम्मच से कीचड़ निकाला, सब लोग हँसे. मेरे को बहुत शर्म आयी, बेटी. पढ़ी-लिखी लड़की मेरी गाड़ी साफ़ कर रही है. उसी दिन धुलवायी. अंदर से, नीचे से, सब. अब हर फेरे में धुलवाता हूँ. देखो, चमक रही है."

खरंच चमकत होती. मडगार्डना काळा रंग दिलेला, आतल्या बाजूनेही. ती वाकली, हात आत घालून बोटं फिरवली आणि बाहेर काढून पाहिली. बोटं स्वच्छ होती.

"बहुत अच्छा किया, चाचा," ती म्हणाली.

"तुम्हारी वजह से," तो म्हणाला. मग पुढची लाइन हलली आणि तो घाईने वर चढला. जाताना त्याने हॉर्न वाजवून निरोप घेतला.

परत येताना रिक्षात ती आपली बोटं बघत बसली होती. मधेच म्हणाली, "भांडायला कुणी नव्हतं ना ताई त्याला. माझ्याकडे." मी हो म्हटलं.

मे महिन्यात तरीही ती बंगलोरला मुलाखतीला गेली. वडिलांनी मेपर्यंतचा शब्द दिला होता, तो पाळला, स्वतः गाडीत बसवून दिलं. परत आल्यावर ती एकदाच लॅबमध्ये आली, आपल्या नळ्या मारून टाकायला. ते काम माझं होतं, पण ती म्हणाली, मी करते. कुकरच्या जाळीत ती एकेक नळी उभी करत होती. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तिकडे काय झालं, मॅडम?"

"टेबलामागे ओळीने बसले होते सगळे. म्हणाले, दोन वर्षं काय केलंत? मी सगळं सांगितलं. ट्रक, मडगार्ड, झोन. मग तो कसा गेला, तेही. काही लपवलं नाही. एक जण चांगला होता. तो म्हणाला, असं होतं, आमच्याकडेपण झालंय."

"मग?"

"दुसरे म्हणाले, आम्ही तुमच्या सरांना फोन केला होता, ते तर म्हणाले झोन नव्हताच, स्पिरिट सांडलं होतं. मग त्या चांगल्या माणसाने मला विचारलं, तुमच्याशिवाय तो अजून कुणी पाहिला होता का?"

तिने आणखी दोन नळ्या जाळीत लावल्या.

"मी तुमचं नाव सांगितलं."

मी कपड्याला हात पुसत राहिले.

"पूर्ण नाव. आडनावासकट. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, यांचं शिक्षण? मी म्हटलं, चौथी."

"मग?"

"मग कुणी काही विचारलं नाही. चहा घेणार का म्हणाले."

तिने झाकण लावलं, कोपराने नव्हे, हाताने. खालून तिच्या वडिलांचा आवाज आला. रिक्षा थांबवून ठेवली आहे, दुकान बंद होईल, आई कधीची साड्यांच्या दुकानात जाऊन बसली आहे. ती "आले" म्हणाली. ॲप्रन काढून खिळ्याला लावला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि जिना उतरून गेली. सर आतल्या खोलीत होते. त्यांनी विचारलं नाही आणि ती आत गेली नाही.

कुकर थंड झाल्यावर मी उघडला. नळ्यांमधलं सगळं वितळून एकसारखं तपकिरी झालं होतं. वरच्या चिठ्ठ्या वाफेने सुटून तळाच्या पाण्यात पडल्या होत्या आणि त्यांवरची शाई गेली होती. त्यातली तिची ती नळी कोणती, हे मी एकेक नळी उजेडाला धरून थोडा वेळ शोधलं. ओळखू आली नाही. मग सगळ्या एकत्रच धुतल्या आणि वाळायला उपड्या घातल्या.